औषधाचें मोल आणि सल्ल्याचें मोल

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. चारहि पाद धड असतील तरच चिकित्सा उभी राहते, हा त्यांतील भावार्थ. प्रत्येक पादाच्या अंगीं कोणते गुण असावेत, हेंहि तेथें दिलेलें आहे. द्रव्य पुरेसें मिळणारें, रोगास योग्य आणि कसदार असावें. परिचारक सेवेची रीत जाणणारा, कुशल, निर्मळ आणि रोग्याविषयीं आपुलकी बाळगणारा असावा, इत्यादि. हें वर्गीकरण वाचतांना आजच्या गृहस्थाच्या मनांत एक शंका सहज उत्पन्न होते. ज्याला आपण बोलण्यांत 'मेडिकलवाला' म्हणतों आणि घरांत वृद्ध माणूस असल्यास ज्याच्या दुकानाची पायरी महिन्यांतून दोन-तीनदां तरी चढावी लागते, त्याला या चारांपैकीं कोणत्या पादांत बसवावयाचें? तो वैद्य नव्हे, हें उघड आहे. मग तो केवळ द्रव्याचा कोठावळा, कीं तें द्रव्य कसें, केव्हां व किती दिवस घ्यावयाचें हें रोग्यास समजावून देणारा, म्हणजे एका अर्थीं परिचारकच?

हा प्रश्न केवळ पंडिती नाहीं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अनेक देशांतील औषधविक्रेते, सरकारें आणि विद्यापीठें याच प्रश्नाशीं झगडत आहेत. औषधाच्या दुकानानें माल विकणें गौण मानून आरोग्याची सेवा हा आपला मुख्य व्यवसाय करावा, आणि या स्थित्यंतरास समाजानें साह्य करावें, असा विचार तेथें रूढ होत चालला आहे. त्या प्रयत्नांत कोठें यश आलें, कोठें फसगत झाली आणि आपण त्यांतून काय घ्यावें, हें या महिन्यांत पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम या धंद्याचें अर्थशास्त्र ध्यानांत घेतलें पाहिजे. किरकोळ औषधविक्रेत्याची कमाई मालाच्या किमतींतून होते. आपल्या देशांत २०१३ सालच्या औषध किंमत नियंत्रण आदेशान्वयें ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवितें, त्यांच्या किमतींत किरकोळ विक्रेत्यासाठीं शेंकडा १६ धरलेले असतात. एवढ्यांतून दुकानाचें भाडें, विजेचें बिल, इन्शुलिन व लसी ठेवण्याचा फ्रिज, नोकरांचे पगार आणि मुदत संपलेल्या मालाची तूट हीं सर्व भागवावयाचीं. अलीकडे फोनवरून औषधें घरपोंच मागविण्याची सोय झाल्यापासून गिऱ्हाईक दारांत उभें राहिल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतें, "किती टक्के सूट देतां?" अशा स्थितींत दुकानदारास टिकावयाचें तर अधिक माल अधिक लवकर विकणें, हा एकच मार्ग दिसतो, आणि सर्व अडचणीचें मूळ येथेंच आहे. ज्याची भाकरी विकलेल्या पाकिटांच्या संख्येवर अवलंबून आहे, त्यानें "हें औषध आपणांस नको" असें सांगणें म्हणजे आपल्याच ताटांतला घास काढून देणें होय.

याचें एक लहानसें उदाहरण माझ्या पाहण्यांतलें आहे. माझे एक सेवानिवृत्त शिक्षकमित्र पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. रक्तदाबाचें औषध ते पुष्कळ वर्षें घेत आले. मध्यंतरीं लेकीकडे परगांवीं राहावयास गेले असतां तेथील डॉक्टरांनींहि रक्तदाबासाठीं चिठ्ठी लिहून दिली. दोन्ही चिठ्ठ्यांवरील नांवें निराळीं, गोळ्यांचे रंग निराळे, पाकिटें निराळीं. म्हणून दोन्ही औषधें निष्ठेनें चालू राहिलीं. कांहीं दिवसांनीं त्यांना अंथरुणावरून उठतांना भोवळ येऊं लागली. एकदां तर न्हाणीघराच्या दारांत तोल जातां जातां ते सांवरले. पुढच्या खेपेस दुकानांतील फार्मासिस्ट मुलीनें दोन्ही पाकिटें हातांत घेऊन नांवाखालचीं बारीक अक्षरें वाचलीं आणि ती म्हणाली, "आजोबा, हीं दोन औषधें नाहींत, एकच आहे. कंपन्या दोन, म्हणून नांवें दोन. दुसरें पाकीट देण्याआधीं आपल्या डॉक्टरांना विचारूं या; फोन मी लावून देतें." फोन झाला, एक पाकीट बंद झालें, भोवळ थांबली.

त्या वयांत पडून खुब्याचें हाड मोडलें म्हणजे घरावर काय प्रसंग येतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना त्या चार वाक्यांची किंमत सांगावयास नको. परंतु दुकानाच्या हिशेबांत पाहिलें तर त्या दिवशीं त्या गिऱ्हाइकानें एक पाकीट कमी नेलें, इतकीच नोंद सांपडेल. मुलीनें आपलें कर्तव्य उत्तम रीतीनें केलें आणि त्याबद्दल दुकानाला दंड झाला! सद्गुणावर असा कर बसविणारी रीत जोंवर चालू आहे, तोंवर केवळ उपदेशानें हा धंदा सुधारेल अशी आशा करणें व्यर्थ होय.

हा पेंच आजचा नाहीं. लंडन शहरांत विल्यम रोझ नांवाचा एक औषधविक्रेता होता. एका खाटकास त्यानें वर्षभर औषधें दिलीं आणि ५० पौंडांचें बिल केलें. गुण न आल्यामुळें त्या खाटकानें तेथील वैद्यमंडळाकडे गाऱ्हाणें नेलें आणि मंडळानें, परवान्यावांचून चिकित्सा केली म्हणून, रोझवर फिर्याद लावली. खालच्या कोर्टांत रोझ हरला. परंतु १७०४ सालीं उमरावांच्या सभेनें तो निकाल फिरविला. औषधविक्रेत्यानें रोग्यास सल्ला देण्यास हरकत नाहीं असें ठरलें. मात्र त्यानें पैसे घ्यावयाचे ते औषधाचे, सल्ल्याचे नव्हेत, अशी कायद्याची स्थिति राहिली. या निकालानें गोरगरीब रोग्यांची सोय झाली यांत शंका नाहीं. पण सल्ला फुकट आणि बाटली विकत असें ठरल्यावर प्रत्येक सल्ल्याचा शेवट बाटलींत व्हावा, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. त्या गोष्टीला तीनशें वर्षें लोटून गेलीं, तरी आपल्या पेठेंतील दुकान अद्यापि त्याच व्यवस्थेखालीं चाललें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ही गांठ सोडविण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेंतील उत्तर कॅरोलायना राज्यांत, ॲशव्हिल नांवाच्या डोंगराळ भागांतील शहरीं झाला. तेथील नगरपालिका आपल्या नोकरांच्या आजारपणाचा खर्च स्वतःच सोसत असे. मधुमेही नोकरांचा खर्च कसा आवरावा या विवंचनेंतून १९९६-९७ च्या सुमारास तिनें एक योजना हातीं घेतली. रोग्यानें मधुमेहाविषयीं रीतसर शिक्षण घ्यावें आणि गांवांतील एका प्रशिक्षित फार्मासिस्टास नियमानें भेटावें. फार्मासिस्टानें त्याच्या साखरेच्या नोंदी पाहाव्या, औषधांची विचारपूस करावी आणि जरूर तेव्हां डॉक्टरांस कळवावें, असें ठरलें. जो रोगी नियमानें भेटीस येईल त्याला मधुमेहाचीं औषधें पदरचे पैसे न घालतां मिळत. आणि फार्मासिस्टास या भेटीचा मोबदला नगरपालिका देई, मग त्या भेटींत एकहि गोळी विकली न जावो.

या योजनेचे पांच वर्षांपर्यंतचे परिणाम २००३ सालीं प्रसिद्ध झाले. रोग्यांची रक्तशर्करा सुधारली. औषधांवरील खर्च वाढला, कारण लोक औषधें नीट घेऊं लागले. परंतु डॉक्टर व रुग्णालयें यांवरील खर्च त्याहून अधिक उतरला. दर रोग्यामागें एकंदर प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च आरंभीच्या मानानें वर्षाकाठीं १,२०० ते १,८७२ डॉलरांनीं कमी झाला. रोगी थोडे होते आणि तुलनेसाठीं दुसरा गट ठेवलेला नव्हता. म्हणून या आंकड्यांचें फार मोठें भांडवल करूं नये. तथापि फार्मासिस्टाच्या वेळेचे पैसे निराळे दिले तर तो वेळ देतो, आणि त्या वेळेचा रोग्यास व पैसे भरणाऱ्यास दोघांसहि लाभ होऊं शकतो, एवढें तरी त्यावरून दिसून आलें.

परंतु मोबदला लावून दिला म्हणजे सर्व कांहीं साधलें, असेंहि नाहीं. हा धडा इंग्लंडनें दिला. तेथें औषधाच्या दुकानांची बहुतेक मिळकत राष्ट्रीय आरोग्यसेवेकडून येते. २००५ सालच्या करारानें 'औषधवापराची तपासणी' ही एक सेवा तेथें सुरू झाली. फार्मासिस्टानें रोग्यास एका बाजूस बसवावें, तो आपलीं औषधें कशीं घेतो हें विचारावें, त्यांतील चुका समजावून द्याव्या. आणि याबद्दल दर भेटीस पैसे घ्यावे. पुढें हा दर २८ पौंड झाला. एका दुकानास वर्षांत अशा जास्तींत जास्त ४०० भेटी मंजूर होत्या. कल्पना उत्तम होती. पण व्यवहारांत ४०० ही मर्यादा न राहतां तेंच उद्दिष्ट होऊन बसलें. वरून आंकडा मागितला जातो, म्हणून ज्याला खरी गरज आहे त्याच्यापेक्षां जो सहज हातीं लागेल त्याला खुर्चीवर बसविलें जातें, अशा तक्रारी तेथील फार्मासिस्टांनींच उघडपणें केल्या. अखेर मार्च २०२१ मध्यें ती सेवा बंद करण्यांत आली. आम्हां शिक्षकांना यांत नवल वाटणार नाहीं. पास झालेल्या मुलांच्या संख्येवर शाळेचें अनुदान ठरविलें कीं शिक्षण मागें पडतें आणि पास करून घेण्याची कला तेवढी वाढीस लागते, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे.

त्याच देशांत दुसरी एक सेवा मात्र टिकली आणि फळासहि आली. ऑक्टोबर २०११ मध्यें सुरू झालेली ही 'नव्या औषधाची सेवा'. दमा, मधुमेह, रक्तदाब यांसारख्या दीर्घकालीन रोगासाठीं ज्याला एखादें औषध प्रथमच सुरू झालें आहे, अशा रोग्यापुरतीच ती होती. औषध देतांना एकदां, सुमारें दोन आठवड्यांनीं एकदां आणि पुढें आणखी एकदां फार्मासिस्ट त्याची विचारपूस करतो : गोळी वेळेवर घेतां ना? कांहीं त्रास होतो का? मनांत कांहीं शंका आहे का? या सेवेची परीक्षा ५०४ रोग्यांवर झाली. कोणास सेवा द्यावयाची आणि कोणास नेहमींच्याच रीतीनें औषध द्यावयाचें, हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें ठरविलें होतें. दहा आठवड्यांनीं पाहतां, नेहमींच्या रीतीनें औषध मिळालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ६१ जण तें नीट घेत होते; सेवा मिळालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ७१. हा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. शंभरांत दहांचा हा फरक कोणत्याहि नव्या गोळीनें पडला नाहीं. योग्य वेळीं तीन प्रश्न विचारल्यानें पडला.

या दोन सेवांची तुलना बोधप्रद आहे. दोहोंतहि फार्मासिस्टास पैसे मिळत होते. पण पहिलीचें क्षेत्र ऐसपैस, म्हणून भरती करण्यास वाव पुष्कळ. दुसरींत रोगी कोणता, वेळ कोणती आणि प्रश्न कोणते हीं तिन्ही नेमकीं ठरलेलीं होतीं. सल्ल्याचें मोल द्यावयाचें तर सल्ला कोणता, कोणास आणि कशासाठीं, हें आधीं ठरविलें पाहिजे, हा यांतला मथितार्थ.

३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडनें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. घसादुखी, सायनसची सूज, लहान मुलांची कानदुखी, कीटक चावून झालेली चिघळती जखम, इंपेटिगो हा फोडांचा त्वचारोग, नागीण आणि स्त्रियांना होणारी मूत्रमार्गाची साधी जळजळ, असे सात आजार ठरवून दिले. या आजारांत फार्मासिस्टानें निराळ्या खोलींत रोग्यास पाहावें, आंखून दिलेल्या पद्धतीनें प्रश्न विचारावे, जरूर असेल तरच प्रतिजैविक द्यावें आणि धोक्याचें चिन्ह दिसतांच डॉक्टरांकडे पाठवावें, अशी ही योजना. सुरुवातीचा दर एका सल्ल्यास १५ पौंड होता. आणि औषध दिलें काय किंवा न दिलें काय, मोबदला तोच. "घसा आपोआप बरा होईल, गोळीची गरज नाहीं" असें सांगणाऱ्याचें नुकसान होत नाहीं. रोझच्या खटल्यानंतर बरोबर ३२० वर्षांनीं त्या देशांत ही गोष्ट घडली.

याच सुमारास तेथें एक दुश्चिन्हहि दिसून आलें. २०१९ ते २०२४ या पांच वर्षांत दुकानांना द्यावयाची एकंदर रक्कम वर्षास २५९ कोटी २० लाख पौंडांवर गोठविलेली होती आणि महागाई तर वाढतच होती. परिणामीं शेंकडों दुकानें बंद पडलीं. ज्या झाडाला नवीं फळें यावींत अशी आपली इच्छा आहे, त्याच्या मुळाशीं पाणी घालण्याचें थांबवून चालत नाहीं. नवी सेवा अंगावर घेण्यास दुकान आधीं जिवंत असावें लागतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्याकडे कायद्याची उणीव आहे असें म्हणतां येणार नाहीं. चिठ्ठीवरील औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टानेंच द्यावें, असें १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. औषधाचें नांव, मात्रा, घेण्याची रीत, संभाव्य त्रास, तें कसें ठेवावें, एखादी वेळ चुकल्यास काय करावें, हें रोग्यास समजावून सांगण्याचें कर्तव्य २०१५ च्या नियमांनीं त्याजवर घातलेलें आहे. कांहीं प्रतिजैविकें व क्षयावरील औषधें विकतांना डॉक्टर व रोगी यांचीं नांवें निराळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपावी, हा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. क्षयाचें औषध नेणाऱ्या रोग्याची खबर सरकारास देण्याची जबाबदारीहि २०१८ सालीं औषधविक्रेत्यांवर आली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें तो कोठावळा राहिलेलाच नाहीं. तो तिसऱ्या पादांत केव्हांच जाऊन बसला आहे. फक्त त्याच्या पानावर कांहीं वाढावयाचें मात्र राहून गेलें आहे.

आणि कामाची वाण आहे असेंहि नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, २०१९ ते २०२१ या काळांत, पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकीं शेंकडा २१ आणि पुरुषांपैकीं शेंकडा २४ जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठीं त्यांना औषध चालू होतें. यांतील कित्येकांना आपल्या विकाराची वार्ताहि नसते. डॉक्टरांकडे मनुष्य दुखल्यावर जातो. औषधाच्या दुकानांत तो दुसऱ्याचें औषध आणावयासहि जातो. अशा वेळीं पांच मिनिटें बसवून त्याचा रक्तदाब पाहणें आणि तो वाढलेला दिसल्यास डॉक्टरांकडे पाठविणें, ही सेवा कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं होण्यासारखी आहे.

मग दुकानास साह्य कोणतें करावयाचें? पहिलें, जागेचें. किरकोळ विक्रीच्या दुकानास कायद्यानें निदान १० चौरस मीटर जागा लागते, आणि पुष्कळ दुकानें तेवढींच असतात. तेथें निराळी खोली कोठून येणार? परंतु एक पडदा, दोन खुर्च्या आणि मागें रांग नसलेला एक कोपरा इतकें तरी हवें. कारण मूत्रमार्गाच्या जळजळीविषयीं कोणतीहि स्त्री दहा माणसांच्या देखत बोलणार नाहीं. दुसरें, शिक्षणाचें. आपल्याकडील पदविका दोन वर्षांची आणि तिला जोडून ५०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव. त्यांत औषधांचें ज्ञान मिळतें. रोग्याशीं बोलावें कसें, हें मात्र पुनः पुनः शिकावें लागतें. दुकान चालवितां चालवितां घेतां येतील असे लहान अभ्यासक्रम ठिकठिकाणच्या महाविद्यालयांनीं आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांनीं चालविले पाहिजेत. तिसरें, वेळेचें. पाकिटें काढणें व बिल करणें हें काम मदतनिसाकडे गेल्यावांचून फार्मासिस्टास मान वर करून रोग्याकडे पाहण्यास सवड होणार नाहीं. चौथें, नोंदीचें. जो सल्ला लिहिला गेला नाहीं त्याची जबाबदारी कोणावर नाहीं आणि त्याचें मोलहि कोणी देणार नाहीं.

पांचवें आणि मुख्य साह्य पैशाचें. आपल्याकडे इंग्लंडसारखी सर्वांचें बिल भरणारी एक संस्था नाहीं. परंतु ॲशव्हिलच्या नगरपालिकेसारख्या, आपल्या माणसांच्या औषधपाण्याचा खर्च सोसणाऱ्या संस्था आपल्याकडेहि आहेत. बॅंका, कारखाने आणि विमा कंपन्या यांनीं आपल्या मधुमेही व रक्तदाबाच्या माणसांसाठीं गांवांतील फार्मासिस्टाशीं असा करार करून पाहण्यासारखा आहे. गांवोगांवचे ज्येष्ठ नागरिक संघ सहलींची वर्गणी काढतात, व्याख्यानमाला भरवितात. त्यांनीं आपल्या सभासदांच्या औषधांच्या सहामाही तपासणीसाठीं ठराविक वार्षिक रक्कम देऊन एखादा फार्मासिस्ट नेमावा. पैसे मात्र तपासणीच्या संख्येपेक्षां तिच्या उपयोगावर द्यावे, हा इंग्लंडचा धडा विसरूं नये.

यावर डॉक्टरमंडळींकडून आक्षेप निघेल, आणि तो अगदींच निराधार नाहीं. "आधींच दुकानदार चिठ्ठीवांचून औषधें देतात, त्यांना आणखी अधिकार दिले तर काय अनर्थ होईल!" असें ते म्हणतील. परंतु नीट विचार केला तर हा आक्षेप प्रस्तुत सूचनेस उलट बळकटीच आणतो. आज जो सल्ला काउंटरवर उभ्याउभ्या, नोंदीवांचून, बहुधा फार्मासिस्ट नसलेल्या पोऱ्याकडून दिला जातो, त्याचा मोबदला औषध खपविण्यांतच आहे. म्हणून तर साध्या सर्दीस प्रतिजैविक आणि गजकर्णास स्टेरॉइडचें मलम सर्रास जातें. येथें सुचविलेली सेवा याच्या नेमकी उलट आहे : माणूस शिकलेला, काम ठरलेलें, नोंद केलेली, धोक्याचें चिन्ह दिसतांच डॉक्टरांकडे पाठविण्याची सक्ती, आणि औषध न दिल्यानें कांहीं न बुडणारें. अशा फार्मासिस्टामुळें डॉक्टरांचा रोगी जात नाहीं. रोगी त्यांनीं दिलेलें औषध नीट घेऊं लागतो.

राहिला चौथा पाद, म्हणजे रोगी आणि त्याचें घर. त्यांनीं सरकारची वाट न पाहतां आजच कांहीं गोष्टी आरंभाव्या, असें सुचवावेंसें वाटतें. शक्य तोंवर घरांतील सर्व औषधें एकाच दुकानांतून घ्यावीं, म्हणजे एका माणसाच्या नजरेखालून तीं सर्व जातील. प्रत्येक वृद्धाच्या औषधांची यादी एका कागदावर लिहून ती जवळ बाळगावी. तींत काढे, चूर्णें, होमिओपॅथीच्या गोळ्या, झोंपेचीं व पोट साफ होण्याचीं औषधें हींहि असावींत. नवें औषध हातीं येतांच तीन प्रश्न विचारावे : हें कशासाठीं आहे? किती दिवस घ्यावयाचें? आधींच्या औषधांबरोबर चालेल ना? सहा महिन्यांतून एकदां घरांतील सर्व औषधें एका पिशवींत घालून, गर्दी नसेल अशा वेळीं, फार्मासिस्टाकडे न्यावीं आणि तपासून घ्यावीं. रक्तदाब मोजून घ्यावयाचा असल्यास आधीं अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू वर्ज्य करावी, पांच मिनिटें स्वस्थ बसावें, पाय जमिनीस टेकलेले आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, व मोजतांना बोलूं नये. आणि दुकानांत गेल्यावर एवढें अवश्य विचारावें कीं, आतां या वेळीं फार्मासिस्ट कोण आहेत? भिंतीवर प्रमाणपत्र एकाचें आणि औषध देणारा दुसराच, ही स्थिति बदलावयाची तर गिऱ्हाइकानें हा प्रश्न विचारीत राहणें हाच उपाय आहे.

शेवटीं एक गोष्ट संकोच सोडून लिहितों. आपल्या घरांतून विद्येचा आदर पुष्कळ होतो. परंतु विद्येनें दिलेल्या सल्ल्याचे पैसे द्यावयाची वेळ आली कीं आपला हात आंखडतो. वकिलास, डॉक्टरास आपण शुल्क देतों, कारण त्यांच्याकडे हातांत घेऊन यावें असें दुसरें कांहीं नसतें. फार्मासिस्टाकडून मात्र पाकिटाबरोबर ज्ञान फुकट मिळावें आणि पाकिटावर वर सूटहि मिळावी, अशी आपली अपेक्षा असते. ज्या मुलीनें माझ्या मित्रास दुसऱ्या पाकिटापासून परावृत्त केलें, तिला त्या दोन मिनिटांचे पैसे घेण्याची सोय नव्हती. ती सोय होईपर्यंत तरी, पांच-दहा टक्क्यांच्या सुटीसाठीं अशा माणसाचें दुकान सोडून जाऊं नये, आणि आपल्या परिचयांतील कोणी बॅंकेंत, विमा कंपनींत किंवा ज्येष्ठ नागरिक संघांत अधिकारावर असेल तर त्यांच्या कानांवर ही गोष्ट घालावी, एवढीच वाचकांस विनंती आहे.